नलूच्या गळ्यातली वजरटीक

वजरटीक सगळ्यांत शेवटी आली. सत्यवतीनं ती नलूच्या गळ्याशी लावली, मागचा गोंडा आवळला आणि दोन पावलं मागं सरून बघितलं.

"आता दिसते नाखव्याच्या घरची पोर."

नलूला खाली बघता येईना. वजरटीक हनुवटीखाली घट्ट बसली होती. तिच्याखाली शेजारच्या मैनाची बोरमाळ, त्याखाली रतनची पुतळ्यांची माळ पार पोटापर्यंत. हातांत वेणूबाईच्या पाटल्या. चौदा वर्षांच्या मनगटावरून त्या घसरू नयेत म्हणून आतून दोरा गुंडाळला होता.

"थोरली आय, सोड ना थोडी. श्वास खालपर्यंत जात न्हाय."

"मंग वरच्यावर घे. लग्नात मी तीन दिस घातली होती ही. मेले का?"

"तू गात न्हवतीस गो," कोपऱ्यातून ठमाबाई म्हणाली.

ठमाबाई म्हणजे सत्यवतीच्या नवऱ्याची, दयाराम नाखव्याची, आत्या, आणि चाळीस वर्षं या किनाऱ्याची धवलारीण. हळदीला, तेलाला, मांडवाला ती गायल्याशिवाय रेवदंड्यापासून चौलापर्यंत एकाही कोळ्याच्या पोराचं लग्न लागलं नव्हतं. आता तिचा आवाज गेला होता. पण गेला असं ती कधी म्हणत नसे. "नलूला दिला," म्हणे. जणू पेटीतलं एखादं लुगडं काढून दिलं असावं.

"आत्या, तुमी तरी गप बसा. सगळं जमवताना माजी जीभ झिजली."

"झिजली कुठं? मना तर हाय तेवढीच दिसते."

नलू हसली आणि हसणंही मध्येच अडकलं. केसर मागं बसून लेकीच्या वेणीला अबोली बांधत होती. तिची बोटं त्या गोंड्याशी गेली, क्षणभर थांबली, आणि परत फुलांकडं आली. जावेनं बांधलेली गाठ जाऊ असताना सोडायची नाही, एवढं तिला कळत होतं. सहा वर्षांमागं तिचा नवरा तुळशीराम, दयारामचा मधला भाऊ, तापानं गेला, तेव्हा पदरात आठ वर्षांची पोर घेऊन ती या ओटीवर बसली होती, आणि सत्यवतीनं सगळ्या वाडीसमोर म्हटलं होतं, "माज्या ताटात दोन हात आणखी पडले तर ताट लहान होत न्हाय." ते तिनं पाळलं होतं. शाळेची पाटी, सणाचा परकर, तापात रात्रभर कपाळावर घडी, सगळं. त्या बाईला आज कोणत्या तोंडानं सांगायचं, की बाय, गाठ आवळ झाली?

हे सोनं आलं ते एका शब्दामुळं.

नामा गुरव देवळात पेटी वाजवी. भजनाला येणाऱ्या नलूचा आवाज ऐकून गेली चार वर्षं तो तिला सुरावर बसवत होता. बदल्यात काही घेत नसे, फार तर कधी नारळ. पण फाल्गुनात तो ओटीवर येऊन म्हणाला, "नाखवा, माझ्याकडं होतं ते संपलं. पोर माझ्यापुढं गेली. आता तिला खरा गुरू पाहिजे." मुंबईत गिरगावात एक संगीत मंडळ होतं. मुलांना शिकायला मदत करायचं. अर्ज नामानंच लिहिला. परवा मंडळाचं उत्तर आलं, की आमचे टिपणीस मास्तर गुरुवारी मुलीला ऐकायला आणि घर बघायला येतील. त्या आनंदात नामानं अर्जाची नक्कल सगळ्यांना वाचून दाखवली. आवाजाबद्दल चार ओळी होत्या, त्या ऐकून सत्यवतीनं डोळे पुसले. आणि मग आलं, 'कुटुंब गरीब आहे.'

"काय हाय?"

"गरीब, वैनी. तसं लिहावं लागतं."

"दारात होडी हाय. चार खलाशी माज्या हातची भाकर खातात. आन् तू मुंबईला कागद पाठवलास, का दयाराम नाखवा गरीब?"

"अहो वैनी, अर्जाची रीत असते ती."

"पावन्याला उपाशी घर दावायचं, ही कुठली रीत?"

आणि ती पदर खोचून उठली. दोन दिवसांत कोळीवाड्यातल्या तीन घरांतलं सोनं नलूच्या अंगावर आलं. वाडीत रीतच होती. पाहुणा एका घरी येतो, पण सोनं सगळ्या वाडीचं घालतात. अट एकच. उसनं सोनं दिवा लागायच्या आत आपल्या घरी, आणि न्यायला ज्याचं त्यानं यायचं.

टिपणीस मास्तर रेवसला लाँचमधून उतरून, अलिबागेवरून एसटीनं धुळीत न्हाऊन दुपारी बाराला पोचले. साठीचा किडकिडीत माणूस, काखेत छत्री, डोक्याला काळी टोपी. हातपाय धुताना ते समुद्राकडं बघत राहिले. भांगाचे दिवस होते, पाण्याला ओढ नव्हती, होड्या वाळूवर आडव्या पडल्या होत्या.

"आज कोणी गेलं नाही वाटतं समुद्रात?"

"भांगाला जाळं लावून उपेग न्हाय," दयाराम म्हणाला. "पानीच झोपलंय, मासा कशाला जागा राहील?"

मास्तर हसले. दयाराम मोठ्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. आज बायकोनं त्याला कडक इस्त्रीचा सदरा घालायला लावला होता, आणि त्यात तो जाळ्यात सापडल्यासारखा बसला होता.

जेवण झालं. पापलेटं तव्यावरून उतरत होती तशी ताटात पडत होती. कोलंबीचं आंबट, तांदळाच्या भाकरी, पाहुण्याच्या ताटाशेजारी केळीच्या पानावर वेगळी तळलेली मांदेली. टिपणीस मास्तर कायस्थ, मासळीचे दर्दी. त्यांनी तीनदा नको म्हटलं आणि तीनदा खाल्लं.

"फारच केलंत तुम्ही."

"कुठं काय," दयाराम म्हणाला. "रोजचंच हाय." आतून बायकोनं शिकवलेलं वाक्य होतं ते.

चुलीपाशी केसरच्या हातातली भाकरी तव्यावर जरा जास्त राहिली. रोजचं? काल रात्री या घरात सगळ्यांनी सुकटीची चटणी खाल्ली होती.

मग नलू बाहेर आली. जाजम अंथरलं होतं. नामानं पेटीचा भाता ओढला. मास्तरांनी मुलीकडं नीट पाहिलं; गळ्यापासून पोटापर्यंत आणि मनगटापासून कोपरापर्यंत नजर फिरली, आणि त्यांनी खिशातून एक लहान वही काढली.

"काय म्हणतेस, बाळ?"

"भूप," नलू म्हणाली.

सदा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. दयारामचा सर्वांत धाकटा भाऊ. चौथीपर्यंत शिकलेला, होडीवर तांडेल, आणि गेली दोन वर्षं एकाच गोष्टीच्या मागं. इंजिन. शेजारच्या वाडीत दोन होड्यांना इंजिनं बसली होती. त्या पहाटे भाऊच्या धक्क्याला मासळी टाकून येत, आणि यांच्या होडीची मासळी वाऱ्याची वाट बघत आंबून जाई. सोसायटी कर्ज द्यायला तयार होती, पण पहिला भाग आपला हवा. तो सदानं पोटाला चिमटा घेऊन साठवत आणला होता. मंडळाची मदत मिळाली तरी पोरीला मुंबईत ठेवायचा काही खर्च घरावर पडणारच, म्हणून नामा गुरवाचा अर्ज ऐकून तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "गल्यानं जाली भरत न्हायत, दादा." दयाराम नुसता होडीकडं बघत बसला होता. केसर तर दिरासमोर बोलतच नसे.

नलू गायला लागली. आवाज चांगला होता, हे सदाला ठाऊक होतं. पण आज तो वर चढताना मध्येच तुटत होता. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा नलूचा हात नकळत गळ्याशी गेला आणि थोरल्या आईची नजर पडताच खाली आला.

सदानं तांब्या उचलला आणि पाणी द्यायच्या निमित्तानं मास्तरांच्या मागं गेला. वहीच्या पानावर पेन्सिलीनं दोनच ओळी होत्या.

श्वास तोकडा.
घर सुस्थितीत.

तो परत चौकटीशी आला. त्याच्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. भाऊच्या धक्क्यावर अर्ज, शिक्के, साहेब त्यानं पाहिले होते. घरात कोणालाच कळलं नव्हतं ते त्याला कळलं. वैनीनं पाहुण्याचा मान राखला होता आणि मान राखता राखता पोरीची वाट बुजवली होती. आता कोणी काही केलं नाही, तर मास्तर साडेपाचच्या गाडीनं जाणार, महिन्याभरात एक कार्ड येणार, आणि इंजिन या पावसाळ्यानंतर होडीवर बसणार. कोणाशी भांडायला नको. कोणाचं मन मोडायला नको. फक्त गप्प उभं राहायचं.

तो गप्प उभा राहिला.

भूप संपला. मास्तर दयारामकडं वळले. बोलणं मऊ होतं, आणि म्हणूनच आत केसरनं हातातलं काम टाकून कान दिला.

"नाखवा, मुलीकडं सूर आहे. यात शंका नाही. पण आमच्याकडं जागा चार, अर्ज सव्वीस. काही मुलं अशी आहेत, की एक वेळ जेवून रियाज करतात. देवदयेनं तुमचं घर भरलेलं आहे."

"व्हय," दयाराम म्हणाला. पाहुण्यानं घराला भरलेलं म्हटलं, आता याला नाही कसं म्हणायचं? "देवाच्या दयेनं कमी काय न्हाय."

केसर वळली. सत्यवती वाफेच्या आड चहाचं पातेलं ढवळत होती.

"बाय."

"काय गो?"

"तो न्हाय म्हनतोय."

"कोन म्हनतं? किती गोड बोलतोय."

"गोडच न्हाय म्हनतोय. सोनं बगून म्हनतोय." केसरचा आवाज चुलीतल्या लाकडाच्या चुरचुरीएवढाच होत होता. "त्याला वाटलं, आपल्याकडं मुंबईला ठेवायची ऐपत हाय."

सत्यवतीचा हात थांबला. मोठी हुशार बाई. वाडीतले तंटे तिच्या ओटीवर मिटत. इतकी साधी गोष्ट आपल्याला कशी कळली नाही, हे तिच्या तोंडावर आलं, आणि लगेच त्यावर दुसरं काहीतरी चढलं.

"मंग काय करू? जाऊन सांगू, सोनं उसनं हाय? पापलेटं आज हायत, उद्या सुकट? पावन्यासमोर घरधन्याचं तोंड खाली घालू? लाज न्हाय का आपल्याला?"

"माजी लाज, बाय," केसर म्हणाली, "टोपली डोक्यावर घेऊन अलिबागच्या बाजारात बसले ना पैल्यांदा, तवाच तितं ठेवून आले. तिच्यावाचून काय अडलं न्हाय."

सहा वर्षांत केसर जावेला इतकं लांब वाक्य बोलली नव्हती.

बाहेर मास्तरांनी चहा घेतला. गाडीला दीड तास होता. जायचं नक्की झालेला माणूस बोलतो तसं ते सहज म्हणाले, "आता परीक्षा संपली. तुझ्या आवडीचं एखादं म्हण बघू. पेटी नको. नामानं शिकवलेलं नको."

नलूनं ठमाबाईकडं पाहिलं. म्हातारीनं मांडीवर हळूच थाप दिली, धवल्याची.

मांडवाच्या दारी गो कोण परकी आली,
तिच्या पायाच्या पाण्यानं खाडी गोड झाली...

धवला खालच्या पट्टीत असतो. त्यात चढायचं नसतं, नव्या नवरीला हाताला धरून आणायचं असतं. गळा आवळलेला असूनही तो आला. ठमाबाईचे ओठ आवाजाशिवाय हलत होते. टिपणीस मास्तरांनी पेन्सिल वहीत घालून वही मिटली.

सदानं मान फिरवली आणि समुद्राकडं बघितलं. हाच धवला तुळशीरामच्या लग्नात म्हटला होता. केसरवैनीचे पाय धुतले ते पाणी सदानं परातीतून नेऊन खाडीत ओतलं होतं, दहा वर्षांचा होता तेव्हा. त्याला वाळूवरच्या होड्या दिसल्या. आणि आपणच उच्चारलेलं वाक्य त्याला आठवलं. गल्यानं जाली भरत न्हायत.

होडी वाळूवर ओढताना एकानं हाळी द्यायची असते. बाकीच्यांनी त्या हाळीवर एकदम जोर लावायचा. पूर्वी तुळशीराम द्यायचा. तो गेल्यावर पहिल्याच उधाणाला होडी वाळूत रुतली. आठ माणसं होती, पण जोर आठ ठिकाणी जात होता. तेव्हा सुकटीची राखण करत बसलेल्या एवढ्याशा नलूनं तिथूनच बापाची हाळी दिली होती. तशीच, त्याच सुरात. माणसं दचकली. मग सगळ्यांनी खांदे लावले आणि होडी वर आली. त्या दिवसापासून सहा वर्षं या घरची होडी त्या गळ्यावर वर येत होती. आणि याच होडीचा तांडेल चौकटीला टेकून गप्प उभा होता.

तो मागच्या दारानं निघाला.

वेणूबाई तिच्या ओट्यावर जाळं विणत होती.

"मावशी, तुजं सोनं न्यायला चल."

"आताच? दिव्याला येल हाय."

"तुजी रीत तूच मोडनार? उशीर जाला तर पाटल्या परक्या घरी निजतील."

"पावना हाय ना अजून घरी?"

"म्हनून तर चल."

वेणूबाईनं सुई थांबवून त्याच्या तोंडाकडं बघितलं. साठ पावसाळे पाहिलेली बाई. तिनं आणखी एकही प्रश्न विचारला नाही. "रतनला मी सांगते," म्हणाली. "तू मैनाकडं जा."

धवला अजून चालूच होता. वेणूबाई पायरीवर चपला काढून आत आली, मास्तरांना हात जोडले आणि सरळ नलूपाशी बसली.

"पोरी, गा तू. मी माज्या पाटल्या घेते."

पेटीवर हात ठेवून बसलेला नामा पांढरा पडला. दयाराम अर्धा उठला. नलूचा सूर डगमगला, पण ठमाबाईची थाप थांबली नाही, म्हणून तीही थांबली नाही. वेणूबाईनं एक पाटली काढली, आतला दोरा उलगडून नीट गुंडाळला, मग दुसरी काढली. पदराच्या टोकाला बांधली. जाताना नलूच्या गालावरून हात फिरवला.

तिच्या मागं मैना आली. बोरमाळ न्यायला.

मग रतन. पण रतन तरुण, लाजाळू. दारातच उभी राहिली; पाहुण्यासमोर पोरीच्या गळ्यातून माळ काढायला तिचा हात होईना. ती नुसती सत्यवतीकडं बघत राहिली, आणि तिच्यामागं उभा असलेला सदासुद्धा.

सत्यवती स्वयंपाकघराच्या दारात होती. तिनं दिराकडं पाहिलं. त्यानं नजर खाली केली नाही. सगळं तिच्या ध्यानात आलं. कोणी केलं, का केलं, आणि आता काय राहिलं. सदाला वाटलं, वैनी आपलं तोंड पुन्हा बघणार नाही.

धवला संपला.

सत्यवतीनं पदर डोक्यावर नीट केला, पुढं झाली, नलूच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ आपल्या हातांनी काढली आणि रतनच्या ओंजळीत ठेवली.

"घे गो. उपकार जाले." मग ती मास्तरांकडं वळली. "मास्तर, पाटल्या वेनूबायच्या. बोरमाल मैनाची. ही माल रतनची, तुमी बगितलीच. मी मागून आनली. पापलेटं बी सकाली उसनी घेतली. काल आमी सुकट खाल्ली, उद्या बी तीच खानार."

"बाई, अहो, एवढं सगळं कशासाठी?"

"तुमच्या कागदावर आमाला गरीब लिवलं, त्याचा मना राग आला. आमी गरीब न्हाय. दारात आलेला मानूस आमच्या घरनं उपाशी गेला न्हाय कदी. पन पोरीला मुंबईत ठेवायची आमची ऐपत न्हाय. या दोन गोष्टी हायत, मास्तर. तुमच्या कागदावर एकच लिवायची जागा हाय, त्याला मी काय करू?"

टिपणीस मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"त्या कागदाला पंधरा वर्षं झाली," ते म्हणाले. "आम्हीच तयार केला. आजवर कोणी आम्हाला हे सांगितलं नाही." मग दयारामला म्हणाले, "आता मीही सरळ बोलतो. मंडळ शिकवण्याची फी देतं आणि राहण्याजेवणाचा निम्मा भार उचलतं. बाकीचा निम्मा घराला उचलावा लागतो, चार वर्षं. तुम्हाला जमेल का?"

दयारामनं सदाकडं पाहिलं. घरधनी तो, पण होडी सदाच्या अंगावर होती, आणि इंजिनासाठी दोन वर्षं भावानं पैसा कसा साठवला हे तो रोज बघत आला होता. त्याच्यानं विचारवेना.

"आमची रीत अशी हाय, मास्तर," सदा म्हणाला. "मासली आली का वाटे पडतात. एक होडीचा, एक जाल्याचा, मंग मानसांचे. मधला भाऊ गेला, त्याचा वाटा वरीसभर त्याच्या बायकोला दिला आन् मंग रीतीपरमानं बंद केला." त्यानं घसा साफ केला. "तो बंद करायला नको होता. त्याचं काम थांबलंच न्हवतं. हाळी त्याची पोर देत होती. आमी हिशोबात धरलं न्हाय. तो वाटा पुन्हा पडंल."

"आन् इंजिन?" दयाराम हळूच म्हणाला.

"शीड काय फाटलंय का?" सदा म्हणाला. "वारा फुकटचा हाय."

"दोन वर्सं डोकं खाल्लंन," ठमाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "आन् आता म्हनतो वारा फुकटचा."

त्यावर पहिली हसली ती सत्यवती. मग सगळे.

केसर चुलीपाशीच उभी होती. बाहेर येणं तिच्या रीतीत नव्हतं. सदा पाणी प्यायला आत आला तेव्हा ती दिरासमोर पहिल्यांदा मान वर करून उभी राहिली. तांब्या भरून तिनं दोन्ही हातांनी पुढं केला, आणि सदानं तो दोन्ही हातांनी घेतला.

"एक राहिलं," मास्तर म्हणाले. वही त्यांनी पुन्हा उघडली होती. "मी इथं हिचा श्वास तोकडा असं लिहिलंय. तसा असेल तर मंडळ काही करू शकणार नाही. गळा असून दम नसेल तर मोठं गाणं पेलत नाही. धवल्यात ते कळत नाही. भूप पुन्हा म्हणशील?"

नामानं पेटी ओढली. नलूनं मान ताठ केली. ताठ करावीच लागत होती. माळा गेल्या होत्या, पाटल्या गेल्या होत्या, पण सत्यवतीची स्वतःची वजरटीक अजून गळ्याशी तशीच होती. ती न्यायला कोणी येणार नव्हतं. ती घरचीच होती.

नलूनं तोंड उघडलं, आणि सत्यवतीला पोरीचं सकाळचं बोलणं ऐकू आलं. श्वास खालपर्यंत जात न्हाय.

"थांब."

ती नलूच्या मागं बसली. गोंडा इतका आवळला होता, की नखानं सुटेना. तिनं वाकून दातानं गाठ ओढली. वजरटीक सुटली तेव्हा नलूनं श्वास घेतला तो सगळ्यांना ऐकू गेला. पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखा.

मग ती गायली.

पहिल्यांदा जिथं सूर तुटला होता तिथं तो गेला आणि न थांबता पुढं गेला. वर पोचला, तिथं उभा राहिला. सदानं डोळे मिटून मनात मोजायला सुरुवात केली, होडी वर येईपर्यंत मोजतात तशी, आणि मोजणं विसरला. दयारामनं त्या कडक सदऱ्याची वरची गुंडी काढली. पायरीवर वेणूबाई, मैना आणि रतन बसल्या होत्या. सोनं मिळालं होतं, तरी कोणी घरी गेलं नव्हतं. टिपणीस मास्तरांनी वहीतली पहिली ओळ खोडली. दुसरीशी पेन्सिल थांबली.

"बाई," गाणं संपल्यावर ते सत्यवतीला म्हणाले, "घराबद्दल काय लिहू? तुम्हीच सांगा."

सत्यवतीनं थोडा विचार केला. "लिवा, गरीब न्हाय. मदत पायजे."

त्यांनी तसंच लिहिलं. अक्षर न अक्षर. "मंडळात मी एकटा नाही," उठताना ते म्हणाले, "पत्र येईपर्यंत मी शब्द देऊ शकत नाही. पण हे मी तिथं मोठ्यानं वाचणार आहे. मुलीचे दोन परकर शिवून ठेवा. मुंबईत जूनमध्ये फार भिजायला होतं."

सदा त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेला. छत्री त्यानं आपल्या काखेत घेतली.

दिवा लागायची वेळ झाली. केसर ओटीवर लेकीला पुढ्यात घेऊन बसली होती. अबोली सोडली, वेणी सोडली. मग तिला गळ्याभोवतीचा तो लाल वळ दिसला. वजरटिकेचा मणी न् मणी कातडीवर उमटला होता. ती वाटीत खोबरेल घेऊन बोट बुडवणार, तोच मागून हात आला.

"आन इकडं," सत्यवती म्हणाली.

"असूं दे बाय, मी लावते."

"आन म्हनते ना. वल माज्या टिकेचा हाय."

तिनं वाटी घेतली, खाली बसली, आणि पोरीची मान आपल्या मांडीवर घेऊन एकेका मण्याच्या खुणेवर तेल लावू लागली. सावकाश, एकही न चुकवता. नलू डोळे मिटून काहीतरी गुणगुणत होती. सत्यवतीच्या बोटांना ते तिच्या गळ्यात लागत होतं.